वणवामुक्त वाडी, संकल्पना माझी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

रिटायर होऊन पंधरवडा झाला. घरात किंमत शून्य. सकाळी पेपर उघडला की नलिनी लादी पुसायला येते आणि पाय वर घ्या म्हणते. इतकी वर्षं विक्रोळीच्या कंपनीत अॅडमिनला काढली. तिसऱ्या मजल्याचा फायर वॉर्डन होतो मी. मॉक ड्रिलला माझी शिट्टी वाजली की मोठमोठे मॅनेजर हातातला चहा ठेवून जिना उतरायचे. आणि इथे मुलुंडमध्ये, स्वतःच्या घरात, पाय वर घ्या!

संध्याकाळी गावाहून शेवंतीवहिनीचा फोन. आमच्या सीतारामदादाची बायको. दादा गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. वाडीत ती एकटी, एक म्हैस आणि तिची काजी. त्या काजूच्या झाडांवर तिचं वर्षाचं पोट. तिची काजी आमच्या जमिनीला अगदी लागून, आणि आमच्या जमिनीत नुसतं गवत. म्हणाली, भाऊजी, औंदा गवत छातीक लागता, सुकल्यार एक विडी पुरे, माझी काजी गेली म्हणून समजा. तुमका येवक जमणा नसात तर मीच कापून घेतंय, म्हशीक होतला.

विचार करून सांगतो म्हणालो. असे निर्णय फोनवर होत नाहीत.

१४ ऑक्टोबर

नलिनी म्हणाली, हो म्हणून टाका की, फुकटात काम होतंय. हिला कायदा कळत नाही. आज गवत कापायला दिलं की उद्या वहिनी म्हणणार ही जमीन मीच वहिवाटते, आणि परवा सातबाऱ्यावर कूळ म्हणून तिचं नाव. मुंबईत बसलेल्या माणसाची जमीन अशीच जाते. आमच्या ग्रामस्थ मंडळात प्रत्येक जण हेच सांगतो. प्रत्यक्ष कुणाची गेली ते कुणाला माहीत नाही, पण इतके लोक उगाच सांगणार नाहीत.

नलिनी म्हणाली, अहो, ती बाई म्हशीला चारा मागतेय, तुमची इस्टेट नाही. मी म्हणालो, सुरुवात चाऱ्यानेच होते.

वहिनीला कळवलं: गवताला कुणीही हात लावायचा नाही. मी जातीने शास्त्रशुद्ध व्यवस्था करतो. ती बरा म्हणाली आणि फोन ठेवला. निश्चिंत झाली असावी.

१९ ऑक्टोबर, रात्री

वणवा या विषयाचा सखोल अभ्यास सुरू. कॅलिफोर्नियाचे व्हिडिओ पाहिले. ऑस्ट्रेलियाचे उद्या.

सार असं: बागेच्या कडेने गवत कापून रुंद पट्टा मोकळा करायचा. उरलंसुरलं पहाटे, दंव असताना, वारा पडलेला असताना, थोडं थोडं जाळून टाकायचं. ही झाली जाळरेषा. मग वणवा आला तरी तिथे येऊन थांबतो, कारण पुढे त्याला खायला काही नसतं. किती साधं! पण लोकांना सांगणारं कुणी नको का?

नलिनीला सांगितलं. ती म्हणाली, हे तर माझे आजोबा पण करायचे. करत असतील. त्यांच्याकडे पीपीटी नव्हतं.

निश्चय: दिवाळीआधी गावी जाऊन गवत कापायचं. काहीही होवो.

३ नोव्हेंबर

दिवाळीत कसं जाणार? लोक काय म्हणतील? शिवाय चिवड्याने घसा धरलाय. निश्चय: तुळशीच्या लग्नानंतर लगेच.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज खरी सुरुवात झाली! मुंबई मंडळाची सभा, विक्रोळीच्या शाळेच्या हॉलमध्ये. गावातले निर्णय गावात होत नाहीत, इथेच होतात, हे बरंच आहे. गावात राहणाऱ्यांना गाव नीट दिसत नाही.

माझा विषय अजेंड्यावर शेवटी, वडापावच्या आधी. प्रोजेक्टर चालेना, म्हणून सगळ्या स्लाइड्स उभं राहून वाचून दाखवल्या. पहाट! दंव! वारा नको! तीन वेळा टेबलावर मूठ आपटली. टाळ्या. अध्यक्ष तावडे म्हणाले, असा माणूस इतकी वर्षं आपल्यात बसून होता आणि आपल्याला पत्ता नाही. तिथल्या तिथे वणवा प्रतिबंध समिती जाहीर. प्रमुख: मी. मोहिमेचं नाव ‘वणवामुक्त वाडी’. संकल्पना: मी.

बस, बॅनर, टी-शर्ट, नाश्ता यांची कामं वाटली गेली. गवत कोण कापणार हा मुद्दा वेळेअभावी पुढच्या सभेत घेणार.

घरी येऊन नलिनीला सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन, पाय वर घ्या.

८ डिसेंबर

गवत मीच कापणार! ब्रश कटर ऑनलाइन मागवला. पेट्रोलवर चालतो, गळ्यात पट्टा अडकवायचा, वर गॉगल. आरशात पाहिलं. झकास.

सोसायटीच्या गार्डनमध्ये ट्रायल घेतली. मशीन अपेक्षेपेक्षा जोरदार निघालं. तळमजल्यावरच्या सेक्रेटरीबाईंचा गवती चहा गेला. त्यांनी खिडकीतून फार आरडाओरडा केला. मी म्हणालो, मॅडम, तांत्रिकदृष्ट्या तेही गवतच. सौरभ खाली आला आणि मशीन माझ्या गळ्यातून काढून घेऊन गेला. स्वतःचा मुलगा, सगळ्या सोसायटीसमोर.

कंबर धरलीय. वाकता येत नाही. हे मशीनचं डिझाइन परदेशी उंचीचं आहे.

१५ डिसेंबर

कमरेला बेल्ट. ब्रश कटर पलंगाखाली.

वहिनीचा फोन. गवत सुकत चाललंय, काजींना मोहर आलाय. काय ता लवकर करा, भाऊजी. मी म्हणालो, वहिनी, काळजीच सोडा, सगळं प्लॅनिंगमध्ये आहे, पीपीटी व्हॉट्सअॅप केलंय, बघून घ्या. नंतर सौरभ म्हणाला, पप्पा, काकूकडे बटणाचा फोन आहे.

काळाबरोबर चाललं नाही की असं होतं. मी किती जणांना मागून ढकलणार?

५ जानेवारी २०२५, रविवार

दुसरी सभा. टी-शर्ट भगवा की लाल यावर प्रचंड चर्चा. दोन जण हॉल सोडून गेले, एक परत आला. मी समतोल भूमिका घेतली: लाल, पण कॉलर भगवी. मंजूर.

तारीख १६ फेब्रुवारी. मी जानेवारी म्हणत होतो, पण तावडे म्हणाले, प्रमुख पाहुण्यांना तोच रविवार मोकळा आहे. पाहुणे म्हणजे ठाण्याचे एक बिल्डर. मंडळाला खुर्च्या यांनीच दिल्या. खुर्च्या देणाऱ्या माणसाला तारीख आपण कशी सांगणार?

गवत कापण्याचा मुद्दा पुन्हा राहिला.

२ फेब्रुवारी

मोठा निर्णय. कापणी हा टप्पा गाळला. एकदम जाळरेषाच करायची. वेळ वाचेल. पहाटे, दंवात, माणसं दुतर्फा उभी. रिस्क नाहीच.

नलिनी जेवताना थांबली. म्हणाली, न कापता, उभं गवत पेटवणार? शेजारी वहिनीची काजी आहे, आता बी धरली असेल. मी म्हणालो, नलिनी, तू एका फायर वॉर्डनशी बोलतेयस. ती म्हणाली, तुमच्या ड्रिलमध्ये आग नव्हती.

बायकोने नवऱ्यावर विश्वास ठेवायचा असतो. असो. भात गार झाला.

१५ फेब्रुवारी, रात्री, गावी

पोहोचलो. बसमध्ये मंडळाची पंचवीस-तीस माणसं, सगळी लाल टी-शर्टमध्ये. मी शिट्टी आणलीय. बॅनर आमच्या हद्दीवर, वहिनीच्या काजींच्या बाजूला दोन बांबूंवर बांधला. त्यावर माझा फोटो पाहुण्यांच्या फोटोपेक्षा किंचित लहान.

वहिनीच्या काजी पाहिल्या. हिरव्यागार, फांद्या खाली आलेल्या, मोहर आणि कोवळ्या बिया एकदम. बाई खूप कष्ट घेते, हे मान्य करायला हवं. तिने मला आणि नलिनीला सोलकढी दिली. मला म्हणाली, भाऊजी, फाटेचाच काय ता करा हां. मी म्हणालो, पहाटेच, पीपीटीत तेच आहे.

१६ फेब्रुवारी, पहाटे ५.४५

वारा शून्य. पाय ओले होतील इतकं दंव. आदर्श परिस्थिती! वहिनी आणि वाडीतल्या बायका हंडे भरून, ओली गोणपाटं आणि निरगुडीच्या फांद्या घेऊन केव्हाच्या उभ्या आहेत. त्यांना म्हटलं, बसा, खुर्च्या आहेत. पाहुणे निघालेत.

सकाळी ८

पाहुणे कणकवलीत मिसळ खात आहेत. वहिनी दुसऱ्यांदा विचारून गेली. त्यांच्याशिवाय सुरू केलं तर कसं दिसेल? तावडे म्हणाले, वाईट दिसेल.

सकाळी ११

पाहुणे आले. देवाला गाऱ्हाणं झालं, आता सत्कार. मग माझं भाषण. ऊन लागतंय, टोपी विसरलो. थोडा वारा आहे, त्यामुळे बरं वाटतंय.

१७ फेब्रुवारी

काल पुढचं लिहिता आलं नाही. तटस्थपणे लिहितो.

भाषण उत्तम झालं. पहाटे दंव असतानाच का जाळावं, हा भाग लोकांना विशेष आवडला. मग शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो. तेवढ्यात वहिनी सगळ्यांसमोर मध्ये आली आणि म्हणाली, आता नको, वारो सुटलो हा. उद्या फाटे करू, आमी करतो, तुमी जावा. तिने माझा हात धरला होता.

मी थांबवू शकलो असतो, असं नलिनी म्हणते. पण पाहुण्यांना रात्री ठाण्यात मीटिंग. फोटोग्राफरने कॅमेरा लावलेला. तावडे कानात म्हणाले, चंद्रप्रकाश, एवढी माणसं आली, नुसतं भाषण करून परत जायचं? मी हात सोडवला. सुक्या झावळ्यांची चूड पेटवली आणि पाहुण्यांच्या हातात दिली. त्यांनी हसून कॅमेऱ्याकडे बघत ती गवताला लावली.

पहिलं एक मिनिट फोटो छान आले असतील.

मी शिट्टी वाजवली. आगीने ऐकलं नाही. आधी बॅनर गेला, मग कुंपण, मग आवाजच आवाज. मुंबईकर शांतपणे, रांगेत, न ढकलता रस्त्याकडे उतरले. अगदी ड्रिलप्रमाणे. एकालाही खरचटलं नाही, ही गोष्ट कुणीच लक्षात घेत नाही. मी रस्त्यावर उभा राहून डोकी मोजली. फायर वॉर्डनचं ते पहिलं कर्तव्य. एक कमी भरत होतं. ती नलिनी. ती पदर खोचून वर वाडीतल्या बायकांबरोबर गोणपाटाने आग झोडपत होती.

वहिनीचं घर वाचलं. म्हशीचं दावं वेळेत कापलं. गवताची उडवी गेली. काजी गेली. कडेची दोन-चार झाडं सोडून सगळी. आमच्या जमिनीत गवताशिवाय जळण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणजे नुकसान तसं एकतर्फीच झालं.

संध्याकाळी तिला भेटायला गेलो. काळ्या झाडाखाली बसली होती, तोंडाला राख. रडत नव्हती. म्हणाली, मी गवत मागलंय, तुमी आग दिलास.

भावनेच्या भरात बोलली. मी मनावर घेतलं नाही. रात्रभर मनावर न घेता जागा होतो.

१८ फेब्रुवारी

तलाठी येऊन गेला. आग कशी लागली विचारलं. सगळ्या वाडीने माझ्याकडे पाहिलं. शेवटी वहिनीच म्हणाली, वारो सुटलो. त्याने तसं लिहून घेतलं.

म्हणजे सत्य अधिकृतपणे नोंदलं गेलं. वारा जबाबदार. मी नलिनीला हे बसमध्ये सांगितलं. मुलुंड चेकनाका येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या हाताला फोड आलेत.

२ मार्च, रविवार

मंडळाची सभा. मोहिमेचं मूल्यमापन. उपस्थिती चांगली, नाश्ता वेळेवर, टी-शर्टचा रंग गेला नाही. निसर्गाने साथ दिली नाही, एवढंच. वहिनीबद्दल सहानुभूतीचा ठराव एकमताने मंजूर. मदत किती करायची हा मुद्दा वेळेअभावी पुढच्या सभेत.

एका स्थानिक पेपरात फोटो आलाय. पाहुणे चूड लावतानाचा. माझा खांदा दिसतो.

१६ मार्च

वहिनी तालुक्याच्या काजू फॅक्टरीत जाऊ लागली, दुसऱ्यांच्या बिया फोडायला. चला, रोजगार मिळाला! नियमित मिळकत, सावलीतलं काम, चार बायकांची सोबत. बागायतीत तरी कुठे एवढी शाश्वती असते? नलिनीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, त्या बियांच्या तेलाने बोटांची सालं जातात. ती ह्या वयात सकाळच्या एस.टी.ने उभी जाते. जीभ कशी रेटते तुमची?

मी बाल्कनीत गेलो. मुलुंडच्या डोंगरावरही एका ठिकाणी धूर दिसत होता. बराच वेळ तिकडे पाहिलं नाही.

१ जून

ठोस कृतीचा दिवस. वहिनीला नवीन काजूची कलमं मी देणार. वेंगुर्ल्याची जात, उत्तम. पहिल्या पावसाबरोबर स्वतः जाऊन, स्वतःच्या हाताने खड्डे मारून लावणार. काहीही होवो. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे माघार नाही.

१३ जुलै

पावसात गुडघा धरतो. डॉक्टरांना विचारलं नाही, पण ते नकोच म्हणाले असते.

नलिनी आणि सौरभ कलमं घेऊन गेले. मी इथून व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करणार होतो. रेंज नव्हती. निदान नलिनीचा फोन तरी लागत नव्हता. सौरभ परत येऊन म्हणाला, काकू प्रत्येक कलमाभोवती हाताने गवत उपटत होती. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का. तो म्हणाला, नाही. मी म्हणालो, म्हणजे राग गेला.

काजू धरायला तीन-चार वर्षं तर लागतातच. तोपर्यंत फॅक्टरी आहे.

२४ ऑगस्ट

सौरभने काढलेले फोटो पाहिले. आमच्या जमिनीत गवत काय आलंय! गेल्या वर्षीपेक्षा उंच. राखेचं खत. म्हणजे शास्त्रीय पद्धतीचा फायदा कुठेतरी दिसतोच.

निश्चय: यंदा ऑक्टोबरात जाऊन कापणार. पलंगाखालून मशीन काढायला हवं.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत कसं जाणार?

भाऊबीज झाली आणि नलिनी एकटी गेली. गावी काम आहे म्हणाली. काय काम ते सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मन भरून आलं. पेरलेलं उगवतं ते असं.

नलिनी काल आली. तिच्या फोनमध्ये फोटो. पूर्ण वाडी कामाला लागलेली, पुढे वहिनी, हातात कोयता. आमच्या जमिनीच्या कडेने, हद्दीच्या बाहेरून, दहा-बारा फुटांचा पट्टा कापून, पहाटे जाळून, झाडून मोकळा केलेला. काळाभोर, सरळ. अगदी माझ्या स्लाइडसारखा! आणि माझ्या गवताच्या एका काडीलाही कुणी हात लावलेला नाही. मालकी हक्काचा पूर्ण आदर. मी म्हणालो, बघ, उशिरा का होईना, माझी संकल्पना लोकांनी उचलली. नलिनी वाल सोलत राहिली.

ताबडतोब तावडेंना फोटो पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला. पुढच्या सभेत यावर बोलायचं ठरवलं, मुद्देही काढले.

मग एक गोष्ट लक्षात आली. वहिनीच्या कलमांकडे पट्टा, ठीक. वरच्या अंगाला शेजाऱ्यांची आंब्याची झाडं, तिकडे पट्टा, ठीक. खालच्या अंगाला घरं, ठीक. पण चौथ्या बाजूलाही पट्टा, आणि तोच सगळ्यात रुंद. तिकडे ना झाड, ना घर, ना गवताची उडवी. नुसती एस.टी.च्या थांब्याकडून येणारी वाट. नलिनीला म्हटलं, एवढे कष्ट उगाच घेतले, ह्या बाजूला जपण्यासारखं काय आहे?

नलिनी म्हणाली, वहिनीने तो मुद्दाम करून घेतला. तिकडून तुम्ही येता.

फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. काम मात्र स्वच्छ केलंय. एक काडी राहिलेली नाही.